गाडी का अडवली, की बाटलीला सील कुणी लावलं?

समजा, रात्रीचे साडेनऊ झालेत. तुम्ही मेहकरकडून मोटारसायकलवर साखरखेर्ड्याला येताय. गावाच्या अलीकडे पोलिसांनी बॅरिकेड लावलंय. हवालदार हात करतो, तुम्ही थांबता. तो लायसन मागतो, जवळ येऊन नाकाने अंदाज घेतो आणि मशीन पुढे करतो: "फुंका."

आता प्रश्न असा. त्याने तुम्हाला थांबवलं ते कायदेशीर होतं का? तुम्ही वेडीवाकडी गाडी चालवत नव्हता, कुणाला धडक दिली नव्हती. मग हात का केला?

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात बचावाचा वकील बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो. आपल्याकडे तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. आपल्याकडे वकील विचारतात, "रक्ताच्या बाटलीला सील कुणी लावलं? ती मधले दिवस कुठे होती?" एकाच गुन्ह्याबद्दल दोन देशांत दोन वेगळे प्रश्न का पडावेत? मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. न्यायालयात रसायनशास्त्र कसं पोचलं याचा अभ्यास करताना या फरकाने मला बरेच दिवस छळलं. माझ्या मते त्याचं उत्तर कायद्याच्या कलमांत थोडं आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासात जास्त आहे.

आधी कलमं बघू

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम २०३ सांगतं की गणवेशातला पोलीस अधिकारी तुम्हाला श्वासाचा नमुना मागू शकतो, पण कधी? तुम्ही दारू पिऊन गाडी चालवताय असा संशय घ्यायला त्याच्याकडे वाजवी कारण असेल तेव्हा. म्हणजे "फुंका" म्हणण्यासाठी संशय हवा. कलमाचे शब्द स्पष्ट आहेत.

पण थांबवण्यासाठी? तिथे कलम १३० येतं. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर लायसन दाखवलं पाहिजे. यात संशयाची अट नाही. आता दोन्ही कलमं एकापुढे एक ठेवा. पोलीस लायसन बघायला थांबवतो, म्हणजे कलम १३०. लायसन देताना तुमच्या तोंडाचा वास येतो, म्हणजे वाजवी कारण. मग मशीन, म्हणजे कलम २०३. संशय गाडी थांबवण्याआधी नव्हता, तो थांबवल्यानंतर जन्माला आला. तरीही साखळी पूर्ण होते.

अमेरिकेत नेमकी हीच वाट बंद आहे. १९७९ च्या 'डेलावेअर विरुद्ध प्राउस' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं लायसन तपासायला, कसलाही संशय नसताना, मनाला येईल ती गाडी अडवता येणार नाही. मग नाकाबंदीचं काय? तो प्रश्न १९९० मध्ये मिशिगनच्या खटल्यात आला. त्या नाक्यावरून सव्वा तासात १२६ गाड्या गेल्या होत्या, प्रत्येकीला सरासरी २५ सेकंद थांबावं लागलं होतं आणि दोघांना अटक झाली होती. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नाका वैध ठरवला. कारण तिथे पोलिसाची मर्जी चालत नाही, सगळ्यांनाच सारखं थांबवतात. गंमत म्हणजे नंतर मिशिगनच्याच न्यायालयाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन असे नाके बंद केले.

दुसरा फरक याहून मोठा आहे. अमेरिकेत अटकाव बेकायदा ठरला तर त्यातून मिळालेला पुरावाही साधारणपणे बाद होतो. म्हणून तिथला वकील मुळावरच घाव घालतो. भारतात तसं नाही. 'पूरणमल' खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यामुळे पुरावा बाद होत नाही. १९८० मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या सोन्याच्या तस्करीच्या एका खटल्यातही तेच झालं. फार तर न्यायालय तो पुरावा जास्त बारकाईने तपासेल. म्हणजे हवालदाराने हात करायला नको होता हे तुम्ही सिद्ध केलंत, तरी तुमच्या रक्तातला आकडा तसाच उभा राहतो. मग वकिलाने त्या दारावर डोकं का आपटावं? तो बाटलीकडेच जाणार.

इथपर्यंत झाली कलमांची गोष्ट. आता इतिहास.

आरटीओ साहेबांची जीप

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याला आव्हान मिळालं आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बलसारा' खटल्यात निकाल दिला. दारूबंदी वैध, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावरची बंदी अवैध. म्हणजे टॉनिक घ्यायला मोकळीक.

त्यानंतर चारच दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री, मुंबईत एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते मुंबईचे रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर. हो, आरटीओच! डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तोंडाला दारूचा वास होता, डोळे लाल होते, पण बोलणं सुसंगत होतं आणि ते सरळ रेषेत चालू शकत होते. अल्कोहोल घेतलंय, पण अंमलाखाली वाटत नाहीत, असं डॉक्टरांचं मत पडलं. साहेबांचा बचाव असा की आपण बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं आणि त्यात अल्कोहोल असतं.

हाच 'बेहराम पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य' खटला. मॅजिस्ट्रेटने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा केली, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पुन्हा सोडलं. तर्क साधा होता. टॉनिक पिणं गुन्हा नाही. मग यांनी प्यायली ती बंदी असलेली दारूच होती हे सरकारने सिद्ध करायला हवं. नाकाला टॉनिक आणि हातभट्टी यांतला फरक कळत नाही आणि खरं सांगायचं तर रसायनशास्त्रालाही कळत नाही. रक्तात पोचल्यावर इथेनॉल म्हणजे इथेनॉल.

या निकालाने दारूबंदीचा खटला चालवणं फार अवघड झालं. मग सरकारने काय केलं? विज्ञान बोलावलं.

१९५९: कायदा आणि सुई एकाच दिवशी

१९५९ चा मुंबई अधिनियम क्रमांक १२ बुलडाणेकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या अधिनियमाने मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू केला आणि त्याच कागदाने त्या कायद्यात रक्ततपासणीची कलमं घातली. म्हणजे हा कायदा आपल्याकडे आला तो सुई हातात घेऊनच.

नवी तरतूद अशी: रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधाचं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. पेसिकाका खटल्यातलं ओझं सरकारने आपल्या खांद्यावरून उतरवून आरोपीच्या खांद्यावर ठेवलं. मध्ये तराजू म्हणून एक आकडा ठेवला.

पण एवढं ओझं एका आकड्यावर टाकायचं तर आकडा विश्वासाचा हवा. म्हणून त्याच वर्षी नियम आले. रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचं. सुई टोचायची जागा स्पिरिटने पुसायची नाही (नाहीतर पुसलेलं अल्कोहोलच नमुन्यात यायचं). कुपीत रक्त गोठू नये आणि टिकावं म्हणून रसायनं हवीत. लेबल, सील, आणि सात दिवसांच्या आत तपासनिसाकडे.

हे नियम म्हणजे नुसता बाबूगिरीचा कागद आहे असं समजू नका. गरम हवेत रक्तात जंतू वाढले तर ते साखर आंबवून नवीन अल्कोहोल तयार करू शकतात. म्हणून सोडियम फ्लोराईड घालतात. उलट बूच सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं. म्हणजे निष्काळजीपणा दोन्हीकडे कापतो. न प्यालेला अडकू शकतो आणि प्यालेला सुटू शकतो.

धुळ्याची कुपी

दोन वर्षांत पहिली मोठी परीक्षा आली. ३ एप्रिल १९६१, धुळे. मोटार अपघात, चालकाला सिव्हिल हॉस्पिटलला नेलं, रक्त घेतलं, अहवाल आला: ०.०६९ टक्के. मर्यादेच्या वर. पण रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुपी कुणाच्या ताब्यात होती, सील शाबूत होतं का, याचा पुरावा खटल्यात आलाच नाही. सत्र न्यायालय म्हणालं, खटला पुन्हा चालवा. उच्च न्यायालयाने ते मान्य केलं.

१९६३ मध्ये 'उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश रद्द केला. सरकारी पक्षाला आपल्या पुराव्यातली भोकं बुजवता यावीत एवढ्यासाठी आरोपीला पुन्हा पहिल्यापासून खटल्याच्या तोंडी द्यायचं नाही. फेरखटला हा अपवाद आहे. मात्र गरज असेल तर अपील न्यायालयाने जास्तीचा पुरावा घ्यावा, हा मार्ग मोकळा ठेवला. फेरखटल्याबद्दलचा हा नियम आजही देशभरातल्या न्यायालयांत सांगितला जातो. तो आला कुठून? धुळ्याच्या एका कुपीतून.

याच निकालात दुसरीही गोष्ट ठरली. कायद्यात सांगितलेल्या रक्ततपासणीशिवाय इतर मार्गांनीही दारू प्यायल्याचं सिद्ध करता येतं. पण ते मार्ग किती भक्कम? १९७१ च्या 'बच्चूभाई करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' खटल्यात उत्तर मिळालं. तोंडाला वास, झोकांड्या, अडखळणारं बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या हे सगळं डॉक्टरने सांगितलं होतं. लघवीची तपासणी झाली नव्हती आणि रक्त पाठवलं असूनही त्याचा अहवाल न्यायालयासमोर आणलाच नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून दारू प्याल्याचा निष्कर्ष काढता येणार नाही.

तेव्हापासून महाराष्ट्रातल्या वकिलाला धडा मिळाला तो असा: सीए रिपोर्ट नसेल तर खटला डळमळीत, आणि असेल तर त्याच्या मागची साखळी तपासा.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घ्या. या सगळ्या खटल्यांत एक गोष्ट समान आहे, लक्षात आली का? पोलिसांनी चालती गाडी थांबवलीच नव्हती! गाडी आधी कुणाला तरी धडकली आणि पोलीस नंतर आले. अपघात झाला की "गाडी का अडवली" हा प्रश्नच उरत नाही. आपले गाजलेले निकाल अपघातातून आले, नाक्यावरून आले नाहीत. नाक्यावर पकडलेला बहुतेक वेळा गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि घरी जातो. दंडाच्या पावतीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण जाणार? त्यामुळे "थांबवणं" या क्रियेवर आपल्याकडे न्यायालयीन विचार फार थोडा साचला आणि "बाटली" या वस्तूवर ढीगभर.

मशीन आल्यावर

१९८८ चा कायदा मुळात रक्तात अल्कोहोल "कितीही अल्प" असलं तरी गुन्हा म्हणत होता. रसायनशास्त्राच्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. कारण शून्य मोजता येत नाही. प्रत्येक पद्धतीला एक खालची मर्यादा असते आणि तिच्याखाली उपकरण आंधळं असतं. १९९४ च्या दुरुस्तीने हे बदललं: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही ब्रेथ अ‍ॅनालायझरने सापडलेलं. २०१९ मध्ये प्रयोगशाळेच्या तपासणीलाही त्यात जागा मिळाली आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला.

पण मशीन रक्त मोजत नाही, श्वास मोजते. मग रक्तातला आकडा कुठून येतो? गुणाकाराने. फुप्फुसात रक्तातलं अल्कोहोल हवेत येतं. साधारण २,१०० मिलिलिटर श्वासात जेवढं असतं तेवढं एक मिलिलिटर रक्तात असतं असं धरून मशीन आकडा दाखवते. हे गुणोत्तर सगळ्या माणसांचं तंतोतंत सारखं नसतं. शिवाय नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडातली वाफच मोजली जाते. म्हणून पंधराएक मिनिटं थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावणं ही चांगली पद्धत मानतात. कायद्यातही "एक किंवा अधिक नमुने" असेच शब्द आहेत.

आणखी एक तरतूद आपल्यासारख्या गावांसाठी महत्त्वाची आहे. कलम २०२ नुसार दारू पिऊन गाडी चालवताना अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. दोनच तास का? शरीर रक्तातलं अल्कोहोल तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करतं. दोन तासांत ३०. म्हणजे अख्खी कायदेशीर मर्यादा! ठाण्यात गाडी नाही, डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये, रस्ता खराब, असं करत दोन तास गेले की ५५ चा माणूस २५ वर येतो. मुंबईत जो दोषी ठरेल तोच खेड्यात निर्दोष ठरू शकतो आणि यात कुणाचाही डाव असायची गरज नाही. नुसतं अंतर पुरतं.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १ जुलै २०२३ ची पहाट आठवा. साखरखेर्डा ज्या सिंदखेडराजा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ माणसं गेली. पुढे अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालात चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याच्या बातम्या आल्या. ती बस सुटल्यापासून कुणी एकदा जरी थांबवून "फुंका" म्हणालं असतं तर? हा प्रश्न त्या दिवशी आपल्या भागात पुष्कळांच्या मनात आला असणार. नाकाबंदीच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद नाही आणि मी तो नाकारत नाही.

पण दुसरी बाजूही महाराष्ट्रातच घडली. २००२ च्या वांद्र्याच्या अपघातात अभिनेता सलमान खानच्या रक्ताचा अहवाल ६२ मिलिग्रॅमचा होता. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, आणि त्या निकालात रक्ताचा नमुना कसा हाताळला गेला याबद्दलच्या शंकांना मोठी जागा होती. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला आणि ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. पण १९६१ ला धुळ्यात विचारलेला प्रश्न ६३ वर्षांनी पुण्यात तसाच उभा होता: काढलेलं रक्त आणि तपासलेलं रक्त एकच होतं का?

म्हणून माझा निष्कर्ष असा. बाटलीची उलटतपासणी म्हणजे पळवाट आहे असं आपण पटकन म्हणतो. पण सीलबंद, नोंद असलेली, वेळेत पोचलेली बाटली मेलेल्यांच्या नातेवाइकांचीही गरज आहे. साखळी तुटली की श्रीमंत आरोपी चांगला वकील लावून ती तूट दाखवतो. गरिबाला तूट आहे हेच कळत नाही आणि तो कबुली देऊन मोकळा होतो. ढिलाईचा फायदा दोघांना सारखा मिळत नाही.

आणि राहिलेला पहिला प्रश्न? तो आता विचारायला हरकत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि सरकारच्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त उद्देश आणि प्रमाणशीरपणा लागतो असं सांगितलं. या कसोटीवर नाका टिकेल असं मला वाटतं. पण कुठला नाका? जिथे येणारी प्रत्येक गाडी किंवा ठरवून दर पाचवी गाडी थांबते तो, की जिथे कार सलाम घेऊन पुढे जाते आणि धूळ भरलेली मोटारसायकल तेवढी बाजूला घेतली जाते तो? दुसऱ्या प्रकारच्या नाक्याला आपल्याकडे अजून कुणी नीट आव्हान दिलेलं नाही, कारण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंतचं भाडं परवडत नाही.

तेव्हा कधी तुम्हाला थांबवलं तर थांबा, प्यालेला नसाल तर बिनधास्त फुंका. मशीनवर आकडा दिसला तर वेळ बघून ठेवा, छापील पावती मागा आणि रक्त घेतलं तर कुपीवर तुमच्यासमोर लेबल आणि सील लागतंय का ते पाहा. आणि प्याला असाल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्या एका गोष्टीला कुठल्याही कलमाचा अभ्यास लागत नाही.